परवलीवाचून प्रवेश

हुंडीच्या कागदावर ‘शहाजोग’ हा शब्द आला, की तिचे पैसे कोणाच्या हातात पडायचे हे ठरून जाई. पैसे घ्यायला येणारा शहा, म्हणजे त्या पेठेतला पतवान व्यापारी असला पाहिजे, किंवा निदान अशा शहामार्फत तरी आला पाहिजे. ज्या पेढीवर हुंडी लिहिलेली असे, तिने समोर उभ्या असलेल्या माणसाची उलटतपासणी करत बसायचे कारण नव्हते. त्याच्या मागे कोणते घर उभे आहे एवढे पाहायचे आणि रोकड मोजायची.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातल्या संगणक मंडळींनी जवळजवळ हीच तजवीज यंत्रांसाठी केली. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाणाऱ्याला परवलीचा शब्द विचारायचा नाही. तो कोणत्या यंत्राकडून आला आहे ते पाहायचे आणि आत घ्यायचे. आपल्याकडच्या हुंडीची माहिती त्यांना असण्याचे काही कारण नव्हते. पण अडचण सारखी असली की तोडगेही सारखे निघतात. दूरचा माणूस, त्याची ओळख पटवायला वेळ नाही, आणि काम तर थांबवता येत नाही, अशी ती अडचण.

या दोन तजविजी मला येथे शेजारी शेजारी मांडायच्या आहेत. साम्याची गंमत दाखवणे हा त्यात गौण हेतू आहे. दोहोंत एक मोठा फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत आज बँकेत खाते असलेला प्रत्येक माणूस या ना त्या रूपाने मोजतो आहे, असे मला वाटते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि संगणकशास्त्राचाही नाही. सांगलीला लागून असलेल्या माधवनगरात राहतो. संस्थानी अमदानीत वसलेली ही पेठ कापडाची आणि मागांची. सुताच्या व कापडाच्या व्यापाऱ्यांची हिशेबाची यंत्रे एकमेकांना जोडून देणे आणि ती चालती ठेवणे हा माझा पोटाचा उद्योग. मोडी कागद वाचणे हा छंद. दोन्ही विद्या पुस्तके उघडून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. त्यामुळे वही आणि यंत्र यांच्याकडे पाहण्याची माझी नजर एकच राहिली आहे.

*

हुंडी हा एका व्यापाऱ्याने दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला लिहिलेला पैसे देण्याचा हुकूम. नेमलेल्या मुदतीनंतर वटणारी ती मुदती, आणि दाखवताच वटणारी ती दर्शनी. पैसे कोणाला द्यायचे यावरूनही प्रकार होते. धनीजोग हुंडीचे पैसे कागदातल्या धन्याला मिळत, तर शहाजोग हुंडीचे पैसे वर सांगितल्याप्रमाणे पतवान घराला. या व्यवहाराबद्दल हुंडणावळ घेतली जाई. आज परदेशी चलनाच्या बातम्यांत आपण हाच शब्द वापरतो.

हुंडीच्या मजकुरातील एक रीत संगणकवाल्याने पाहावी अशी आहे. रक्कम आकड्यांत लिहीत, मग अक्षरी लिहीत, आणि एवढ्यावर न थांबता तिची निम्मी रक्कम लिहून ‘याचे दुप्पट’ असे नोंदवत. हजाराची हुंडी असेल तर निमे पाचशे, त्याचे दुप्पट. कोणी आकड्यापुढे एक शून्य वाढवले तर अक्षरे आणि निम्मी रक्कम त्याच्याविरुद्ध साक्ष देत. मूळ मजकुरात फेरफार झाला आहे की नाही हे मजकुरातच ठेवलेल्या जादा नोंदीवरून ओळखायचे, हे तत्त्व आज यंत्रांमधल्या प्रत्येक निरोपाला लावले जाते.

हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. एकाच रकमेचे तीन कागद फिरत असले तरी पैसे एकदाच द्यायचे, हे पेढीच्या वहीने सांभाळायचे.

आता शहाजोग हुंडीचा खरा गाभा. शहाने हुंडी आणली, पैसे नेले, आणि पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर रूढीप्रमाणे शहा जबाबदार होता. ज्याच्याकडून ती आपल्याकडे आली त्याला त्याने हजर करावे, नाहीतर पैसे व्याजासह परत करावेत. हुंडी बेचान होत चार हातांतून आली असेल तर प्रत्येकाने आपल्या आधीच्याला धरायचे. विश्वास ज्या साखळीने पुढे गेला त्याच साखळीने उत्तरदायित्व मागे येई. शहाला तपासणी माफ होती ती या बोलीवर. ही रूढी इतकी रुजलेली होती, की १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला तेव्हा देशी भाषांतील अशा कागदांबद्दलची स्थानिक वहिवाट त्याने बाजूला सारली नाही. कागदात वेगळे लिहिले नसेल तर तीच चालेल असे ठेवले.

*

ऑगस्ट १९८३ मध्ये बर्कले विद्यापीठाने युनिक्स या प्रणालीची ४.२ बीएसडी नावाची आवृत्ती प्रसृत केली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पैशावर झालेल्या या कामात यंत्रे एकमेकांशी जोडण्याची सगळी सामग्री होती. तिच्यासोबत तीन छोटे हुकूम आले: आरलॉगिन, आरएसएच आणि आरसीपी. पहिल्याने दूरच्या यंत्रावर जाऊन बसता येई, दुसऱ्याने तेथे एखादे काम करवून घेता येई, तिसऱ्याने फाईल पाठवता येई. ‘आर’ म्हणजे रिमोट, दूरचा.

त्याआधीही दूरच्या यंत्रावर जाता येत होते. टेलनेट ही पद्धत १९६९ पासूनची. पण ती दर वेळी नाव आणि परवलीचा शब्द विचारी, आणि तो शब्द तारेवरून उघडाच जाई. एका दालनातल्या पाच यंत्रांवर दिवसभर ये-जा करणाऱ्या माणसाला हे जाचक होते. बर्कलेने त्यावर काढलेला उपाय असा. प्रत्येक यंत्रात ‘होस्ट्स डॉट इक्विव’ नावाची एक यादी ठेवायची. इक्विव म्हणजे इक्विव्हलंट, समकक्ष. त्या यादीत ज्या यंत्रांची नावे असतील ती आपल्या तोलामोलाची समजायची. तेथून ‘जोशी’ नावाचा माणूस आला आणि आपल्याकडेही जोशी नावाचे खाते असले, तर त्याला काही न विचारता आत घ्यायचे. याखेरीज प्रत्येक वापरणाऱ्याला आपल्या घरात ‘डॉट आर-होस्ट्स’ नावाची स्वतःची छोटी यादी ठेवता येई. त्यात तो आपल्यापुरती आणखी यंत्रे आणि माणसे मान्य करी.

यजमान यंत्र पाहुण्याबद्दल तीन गोष्टी पाही. निरोप कोणत्या पत्त्यावरून आला. तो पत्ता ज्या यंत्राचा आहे त्याचे नाव यादीत आहे का. आणि निरोप पाठवणाऱ्या दाराचा क्रमांक १०२४ च्या खाली आहे का. या तिसऱ्या गोष्टीत मेख होती. युनिक्सवर हे खालचे क्रमांक उघडण्याचा अधिकार फक्त मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याला असतो. म्हणून तेथून आलेला निरोप म्हणजे पेढीच्या मुनिमाने स्वतःच्या हाताने पाठवलेली चिठ्ठी, असे धरले जाई. ‘हा जोशीच आहे’ ही ग्वाही पाठवणारे यंत्र देई आणि घेणारे यंत्र ती मानी.

ज्या काळात ही रीत ठरली त्या काळात ती वेडगळ नव्हती. व्हॅक्स जातीचे एक यंत्र म्हणजे मोठ्या किमतीची कपाटाएवढी वस्तू. ते विद्यापीठाच्या बंद दालनात असे आणि त्याचा व्यवस्थापक सगळ्यांना नावाने ठाऊक असे. यंत्रे थोडी, माणसे ओळखीची, मालक एकच. शिवाय परवलीचा शब्द तारेवर येतच नसल्याने तो तारेवर चोरलाही जात नव्हता, हा फायदा खराच होता. पेठ लहान असेल तोवर शहांची यादी तोंडपाठ राहते.

*

आपल्या देशात यंत्रांची ही पेठ भरायला लागली ती १९८६ च्या सुमारास. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट, म्हणजे शिक्षण व संशोधनाचे जाळे, उभारायला घेतले. आठ संस्था त्यात होत्या: पाच आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि स्वतः खाते. महाराष्ट्राच्या वाट्याला दोन आल्या. पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून पत्रे जाऊ लागली. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा या कामातला वाटा मोठा. २०१४ साली त्यांचे नाव इंटरनेटच्या जागतिक सन्मानयादीत घेतले गेले.

सुरुवातीची पद्धत यूयूसीपी या नावाची होती. तिच्यात एक यंत्र दुसऱ्याला टेलिफोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवून देई. कोणाला फोन लावायचा, त्याचा क्रमांक काय आणि आत शिरताना कोणता शब्द द्यायचा, हे दोन्हीकडच्या व्यवस्थापकांनी आधी बोलून ठरवलेले असे आणि यंत्रातल्या एका फाईलीत लिहून ठेवलेले असे. पत्राच्या पत्त्यातही वाटेतल्या यंत्रांची नावे ओळीने लिहीत. म्हणजे पत्र कोणाकोणाच्या हातातून जाणार हे पाठवणाऱ्याला दिसे. थेट हुंडीच्या बेचानासारखी ही रचना होती. साध्या माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेने. त्या दिवसानंतर पेठेत कोण येते-जाते हे कोणालाच सांगता येईना.

*

तोवर बर्कलेच्या तजविजीला तडे गेले होते. पहिला धोका कागदावर आला. फेब्रुवारी १९८५ मध्ये रॉबर्ट टॅपन मॉरिस या तरुणाने बेल लॅब्जच्या एका टिपणात दाखवून दिले, की निरोपांना लागणारे क्रमांक ४.२ बीएसडीत अंदाजाने ओळखता येतात. त्यामुळे एखादे परके यंत्र आपण यादीतलेच आहोत अशी बतावणी करू शकते. शहाच्या नावाने कोणीही चिठ्ठी लिहावी आणि पेढीने नुसते नाव वाचून ती वटवावी, असा हा प्रकार.

याच मॉरिसने २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, स्वतःच्या नकला करत पसरणारा एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. त्याचे शिरकावाचे मार्ग अनेक होते. त्यांतला एक मार्ग विश्वासाच्या याद्यांचा होता. एखाद्या यंत्रात शिरले की तेथल्या याद्या वाचायच्या, आणि ज्यांची नावे सापडतील त्यांच्या दारी जायचे. मालकांनी सोयीसाठी लिहिलेली यादी चोराला वाटाड्या झाली. काही हजार यंत्रे ठप्प झाली. १९९० साली मॉरिसला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली.

दुसरा प्रसंग १९९४ च्या नाताळातला. सॅन डिएगोचे संगणक-सुरक्षेचे अभ्यासक त्सुतोमु शिमोमुरा यांच्या यंत्रात कोणी तरी शिरले, आणि तेही मॉरिसने नऊ वर्षांपूर्वी वर्णन केलेल्या युक्तीने. विश्वासातले यंत्र आधी गप्प केले, मग त्याच्या नावाने एकच हुकूम पाठवला. त्या हुकमाने डॉट आर-होस्ट्सच्या यादीत दोन अधिक चिन्हे लिहिली गेली. त्यांचा अर्थ असा, की कोणतेही यंत्र आणि कोणताही माणूस आत यावा. या शिरकावाचा संशय ज्याच्यावर होता तो केव्हिन मिटनिक फेब्रुवारी १९९५ मध्ये पकडला गेला.

या पडझडीचे मूळ कारण प्रोग्राममधल्या चुकांपेक्षा पेठेच्या बदललेल्या आकारात आहे. १०२४ खालचा क्रमांक फक्त मुनिमाच्या हाती, हे गृहीत धरले होते. पण यंत्र टेबलावर मावू लागले, प्रत्येकाच्या मालकीचे झाले, आणि ज्याच्या त्याच्या यंत्रात जो तो मुनीम झाला. त्यात वैयक्तिक याद्यांची भर. ‘अ’ने ‘ब’ला मानले आणि ‘ब’मधल्या कोणी ‘क’ला मानले, की ‘क’मधला चोर ‘अ’च्या तिजोरीपर्यंत पोहोचतो, आणि ‘अ’च्या मालकाला ‘क’चे नावही ठाऊक नसते. हुंडीची साखळीही लांब असे. पण तेथे मागे जाता येई, कोणाला तरी धरता येई. येथे विश्वास पुढे जात होता आणि उत्तर द्यायला मागे कोणी नव्हते. शहाचा अधिकार यंत्राला मिळाला. शहाचे दायित्व कोणाकडेच गेले नाही. मी वर म्हटलेला फरक तो हाच.

*

यावरचा पुढचा उपाय फिनलंडमधून आला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी तारेवरून जाणारे परवलीचे शब्द गोळा करत असल्याचे उघडकीला आले. तेथले तातू युलोनेन यांनी त्यावर एसएसएच ही नवी पद्धत लिहिली आणि त्याच वर्षीच्या जुलैत ती सर्वांना वापरायला दिली. जुन्या तीन हुकमांची जागा तिने घेतली. संभाषण सगळे सांकेतिक झाले. आणि परवलीवाचून प्रवेश राहिला, पण त्याचा पाया बदलला.

आता प्रत्येकाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. एक खाजगी, ती कोणाला दाखवायची नाही. दुसरी जाहीर, ती ज्या यंत्रावर जायचे तेथे ठेवून द्यायची. यजमान यंत्र विचारते, ‘खाजगी किल्ली तुझ्याजवळ आहे हे सिद्ध कर.’ पाहुणा त्या भेटीपुरत्या मजकुरावर आपल्या खाजगी किल्लीने सही करतो. जाहीर किल्लीने सही पडताळता येते, पण तिच्यावरून खाजगी किल्ली काढता येत नाही. गुपित तारेवर येत नाही, आणि आजची सही उद्याच्या भेटीला चालत नाही. आपल्या जुन्या राजपत्रांत मजकूर संपला तेथे मोर्तब उठवत, म्हणजे खाली कोणाला ओळ वाढवता येऊ नये. प्रत्येक भेटीला नवे मोर्तब, अशी ही व्यवस्था झाली.

तरी दोन फटी उरल्या. पहिल्यांदा एखाद्या यंत्राकडे जाताना एसएसएच विचारते, की या यंत्राची ओळख पटलेली नाही, पुढे जायचे का? लोक ‘होय’ लिहून मोकळे होतात. मी पाहिलेल्या कार्यालयांत हा प्रश्न थांबून वाचणारा माणूस विरळा. दुसरी फट म्हणजे जाहीर किल्ल्यांची यादी. नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाची किल्ली, बदललेल्या दुरुस्तीवाल्याची किल्ली, सगळ्या तेथेच राहतात. पूर्वी यंत्रांची नावे पडून असत, आता किल्ल्या पडून असतात.

*

यंत्राने यंत्रावर ठेवलेल्या विश्वासाची परीक्षा आपल्याच भागात कशी झाली, ते ऑगस्ट २०१८ मध्ये दिसले. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. एटीएममधून कोणी पैसे मागितले की ती विचारणा जाळ्यातून बँकेच्या ‘स्विच’कडे येते, स्विच बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारतो आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर परत जाते. चोरांनी मध्येच एक बनावट स्विच उभा केला. विचारणा त्याच्याकडे जाई आणि तो खातेवहीला न विचारताच ‘द्या’ म्हणे. जगभरच्या यंत्रांना ते उत्तर बँकेचेच वाटले. ११ ऑगस्टला २८ देशांत, शिवाय आपल्याकडेही, अगदी कोल्हापुरातल्या एटीएमवरून, बनावट कार्डांनी रोकड निघाली. १३ ऑगस्टला हाँगकाँगमधल्या एका खात्यावर सुमारे १४ कोटी रुपये वळवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही असे बँकेने सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

येथे आरलॉगिन नव्हते, यादीही ती नव्हती. पण आकार तोच. ‘हे उत्तर आपल्या घरून आले’ एवढ्यावर कोट्यवधी रुपये मोजले गेले. शिक्षा झालेली माणसे मुख्यतः कार्ड घेऊन एटीएमपुढे उभी राहिलेली, म्हणजे साखळीच्या शेवटच्या कडीची.

एक बाब मात्र नोंदवण्याजोगी आहे. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवानगीवाचून झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व किती, याचे नियम घातले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर बोजा नाही. चूक दोघांचीही नसून मधल्या यंत्रणेत असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही नाही. शहाजोग हुंडीतले दायित्व कायद्याच्या वाटेने थोडेसे परत आले, असे मी याकडे पाहतो. पण त्याच नियमांत पुढे आहे, की ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. म्हणून आजचा चोर यंत्राच्या वाटेला फारसा जात नाही. तो दुपारी मागाच्या खडखडाटात उभ्या असलेल्या माणसाला फोन करतो आणि ओटीपी विचारतो. यंत्रांनी परवलीचा शब्द एकमेकांना विचारणे सोडले, तेव्हा तो सांभाळण्याचे ओझे सगळ्यात कमी माहिती असलेल्याच्या खांद्यावर आले.

*

जुन्या पेठेत शहांच्या यादीतून नाव कसे गळत असे, हेही पाहिले पाहिजे. एखाद्या घराची पत गेली की बाजाराला कळे. दिवाळखोर व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे आणि ‘दिवाळे’ हा शब्द त्यावरून आला, असे सांगतात. दिवा दिसला की त्या नावाची हुंडी कोणी घेत नसे. पत देण्याइतकीच ती काढून घेण्याचीही उघड रीत होती. शिवाय दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होई, जुनी खाती पुढे ओढताना प्रत्येक नाव मुनिमाच्या नजरेखालून जाई आणि कोणते पुढे न्यायचे हे ठरे.

यंत्रातल्या यादीला दिवाळी नसते. तिच्यात लिहिलेले नाव कोणी खोडीपर्यंत राहते, आणि खोडण्याचे काम कोणाचे हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. माझ्या गिऱ्हाईकांपैकी काही पेढ्यांत अलीकडे मी एक रीत पाडली आहे. पाडव्याला नवी वही उघडली, की संगणकातली परवानगीची यादी छापून मालकापुढे ठेवायची. मालक एकेक नाव वाचतो, हा कोण म्हणून विचारतो, आणि ज्याची ओळख पटत नाही त्यावर काट मारतो. छापील याद्या त्या वर्षाच्या वहीत घालून ठेवल्या जातात. गेल्या पाडव्याला एका मालकाने सतरा नावांतली नऊ खोडली. त्यांतली दोन माणसे हयात नव्हती.